मदतनिधी कार्यक्रम (कोल्हापूर)

सेवाभावी संस्थेने आपल्या कामासाठी पैसा उभा करायला योजलेला नाट्यप्रयोग, गाण्याची मैफल, फुटबॉलचा सामना, धावण्याची शर्यत किंवा खाद्यजत्रा. बोलण्यात ‘मदतीचा प्रयोग’ किंवा ‘चॅरिटी शो’. तिकिटावर मात्र ‘देणगी प्रवेशिका’ असे छापतात.

या प्रकाराचे मराठीतले सर्वांत गाजलेले उदाहरण कोल्हापूरच्याच माणसाशी जोडलेले आहे. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी ‘संयुक्त मानापमान’ झाले, तेव्हा बालगंधर्वांसमोर उभे राहिले ते कोल्हापूरचे केशवराव भोसले. एरवी एकमेकांच्या चढाओढीत असलेल्या दोन नाटक कंपन्यांचे प्रमुख नट एका रंगमंचावर, हेच त्या प्रयोगाचे आकर्षण होते. एरवी पाहायला न मिळणारे काहीतरी दाखवा, ही युक्ती आजही चालते. त्याच काळात कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्थेसाठी मुष्टिफंड चालवला. घरोघरची बाई जात्यावर बसताना मूठभर धान्य बाजूला ठेवी. तिथे कार्यक्रम नव्हता, पण रोजची आठवण होती.

कोल्हापुरात अशा कार्यक्रमाचा पैसा तिकीट खिडकीवर जमत नाही. तो त्याआधीच्या दीड-दोन महिन्यांत लक्ष्मीपुरी, गुजरी, उद्यमनगर आणि मार्केट यार्डात पायी फिरून जमतो. दुकानदार पाकीट काढतो आणि म्हणतो, ‘नाटकाला काय येणं व्हायचं न्हाई, पण चार तिकिटं फाड.’ तिकीट खपते, खुर्ची मात्र रिकामी राहते. पाचशे तिकिटे विकून समोर दोनशे डोकी, असा प्रयोग नटांनाही जड जातो. यावर जाणत्या संस्थांचा उपाय साधा: न येणाऱ्याकडून ते तिकीट तिथेच परत मागून घ्यायचे आणि एखाद्या वसतिगृहातल्या मुलांना द्यायचे. उलटा त्रास फुकट पासवाल्यांचा. पहिल्या दोन रांगा पासांत गेल्या की सर्वांत महागडी तिकिटेच हातची जातात, म्हणून पास किती हे छपाईआधीच ठरवलेले बरे.

हिशेबाची धाटणी कळावी म्हणून एक कल्पित उदाहरण. ६०० खुर्च्या, त्यांतल्या १०० पासात गेल्या. उरलेल्या ५०० तिकिटांचे ३०० रुपयांप्रमाणे दीड लाख. नाटक कंपनीची रक्कम, सभागृहाचे भाडे, ध्वनी-प्रकाश आणि छपाई मिळून एक लाख तीस हजार. हाती राहिले वीस हजार. आता स्मरणिका धरा: ४० पाने जाहिरात, पानाला ३,००० रुपये, म्हणजे एक लाख वीस हजार, छपाई तीस हजार. नव्वद हजार उरले. वरवर नाटकाचा दिसणारा कार्यक्रम खरे तर स्मरणिकेवर तरतो. नाटक हे दारात जायचे निमित्त.

तारीख धरताना पंचांगापेक्षा शहराचा पंचनामा महत्त्वाचा. जुलै-ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेचे पाणी ३९ फुटांना इशारा पातळी आणि ४३ फुटांना धोका पातळी गाठते. २०१९ आणि २०२१ चे महापूर पाहिलेले लोक त्या महिन्यांत आगाऊ सभागृह धरायला धजावत नाहीत. गणपतीची वर्गणी देऊन बाजार थकलेला असतो, मग नवरात्र येते. चैत्रात जोतिबाची यात्रा. आणि शाहू स्टेडियमवर दोन पेठांच्या तालीम मंडळांचा फुटबॉल सामना असेल, तर त्या संध्याकाळी दुसरे काही ठेवणे म्हणजे हौसेने तोटा. शाहू महाराजांनी बांधवलेले, १९१५ मध्ये ‘पॅलेस थिएटर’ म्हणून सुरू झालेले केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री आगीत सापडले. मोठे सभागृह हाताशी नसले, की खर्चाचे गणित शाहू स्मारक भवन किंवा देवल क्लबसारख्या लहान सभागृहाच्या मापाने बसवावे लागते.

परवानग्यांची बाजू रुक्ष, पण तिथेच पाय घसरतो. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली नोंद नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करण्यासाठी धर्मादाय कार्यालयाची तात्पुरती परवानगी घ्यावी लागते. नाटकाच्या संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे प्रमाणपत्र लागते. उघड्यावरचा कार्यक्रम असेल तर ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. नाटक, संगीत, नृत्याचे तिकीट ५०० रुपयांपर्यंत असेल तर जीएसटी लागत नाही. तिकिटाच्या नंबरावर बक्षिसाची सोडत काढायचा मोह अनेकांना होतो; सरकारी परवानगीशिवाय लॉटरी चालवणे हा गुन्हा आहे, हे त्या वेळी कुणाच्या ध्यानात नसते.

देणगीदाराला आयकरात वजावट मिळवून देणारी ‘८०जी’ची पावती हा वादाचा हमखास विषय. दोन हजारांवरची रोख देणगी या सवलतीस पात्र नाही, आणि नव्या करप्रणालीत ती वजावटच मिळत नाही. शिवाय तिकिटाच्या बदल्यात नाटक पाहायला मिळते, म्हणून तिकिटाची रक्कम देणगी म्हणून दाखवणे अडचणीचे. तिकीट आणि देणगी यांची पावती पुस्तके वेगळी ठेवतात. परदेशातल्या नातेवाइकांची गोष्ट आणखी वेगळी. परकीय नागरिकत्व घेतलेल्याकडून पैसे घ्यायचे तर एफसीआरए (परकीय देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी आणि दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतले खाते हवे, साधा क्यूआर कोड त्याला पुरत नाही.

प्रयोगानंतरच्या आठवड्यात पुन्हा तीच दुकाने. न खपलेल्या तिकिटांची पुस्तके मोजून परत घ्यायची, स्थळप्रती (तिकीट फाडल्यावर पुस्तकात उरलेले भाग) क्रमाने लावायच्या, जमाखर्च लेखापरीक्षकाकडे द्यायचा. स्मरणिका टपालाने पाठवण्यापेक्षा हातात नेऊन देतात, आणि देताना जाहिरातीचे पान उघडून दाखवतात. दुकानदार आधी आपला फोन नंबर बरोबर छापलाय का तेवढे पाहतो.