फर्नेस पेटून विझतो: सळईवरचं पुट की हीट एक्स्चेंजरची चीर?

मिशिगनचा जानेवारी, बाहेर उणे 15 अंश. बेसमेंटमधला 18 वर्षांचा फर्नेस, म्हणजे गॅस जाळून सगळं घर गरम करणारी भट्टी, पेटायचा, विझायचा, पुन्हा पेटायचा आणि शेवटी गप्प बसायचा. आमच्याकडे आलेल्या पहिल्या टेक्निशियनने पाच मिनिटांत सांगितलं, ‘हीट एक्स्चेंजरला चीर गेलीय, नवाच बसवा.’ दुसऱ्याने बोटाएवढी एक सळई बाहेर काढली, स्टील वूलने घासली आणि परत बसवली. फर्नेस चालू झाला!

ती सळई म्हणजे फ्लेम सेन्सर. ज्योतीतून जेमतेम काही मायक्रोअँपिअर प्रवाह वाहतो आणि त्यावरून कंट्रोल बोर्डाला कळतं, की गॅस खरंच जळतोय. सळईवर पुट चढलं, की हा प्रवाह घटतो. मग ज्योत असूनही बोर्डाला ती जाणवत नाही, आणि न जळलेला गॅस साचू नये म्हणून तो व्हॉल्व्ह बंद करतो. म्हणजे इथे फर्नेस विझतो तो सुरक्षेसाठीच.

हीट एक्स्चेंजरचं प्रकरण वेगळं. त्याच्या आतून जळता वायू जातो, बाहेरून आपल्या खोल्यांत येणारी हवा. मध्ये फक्त धातूचा पत्रा. हिवाळ्यामागून हिवाळे तापून-निवून तो थकतो आणि चिरतो. हवेचा फिल्टर तुंबला की तो जास्त तापतो, म्हणून चीरही लवकर पडते. या चिरेतून कार्बन मोनॉक्साइड घरात येऊ शकतो. त्याला ना रंग, ना वास. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरने आपल्याकडे जीव जातात, ते याच वायूने. आणि चीर असलेला फर्नेस न विझता छान गरम हवाही देत राहू शकतो. मला सगळ्यात जास्त भीती याचीच वाटते.

दोन्हींतला फरक ओळखायचा तर घड्याळ लावून काचेतून ज्योत पाहा. ब्लोअर, म्हणजे गरम हवा खोल्यांत ढकलणारा पंखा, ज्योत पेटल्यावर साधारण अर्ध्या ते एका मिनिटाने सुरू होतो. त्याच्या आधीच, काही सेकंदांत ज्योत विझली तर संशय सळईवर घ्या. ब्लोअर सुरू होताच ज्योत थरथरली, पिवळी पडली किंवा पुढे झेपावली, तर चिरेचा संशय धरा आणि फर्नेस लगेच बंद करा. (काही मिनिटं नीट चालून बर्नर बंद पडत असेल, तर आधी फिल्टर बघा.) ही झाली घरच्या घरी करायची पारख, चीर आहे म्हणणाऱ्याकडून मात्र कॅमेऱ्याने काढलेला फोटो मागाच. चीर दिसली तर जुन्या फर्नेसवर आणखी खर्च करू नका. एक्स्चेंजरचा सुटा भाग वॉरंटीत मिळाला, तरी तो बसवण्याची मजुरी बहुधा आपल्यालाच भरावी लागते. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म वाजला, तर काहीही तपासत न बसता सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि 911 ला फोन करा.

नुसत्या बचतीसाठी चालता फर्नेस काढावा, असं मला वाटत नाही. 80 टक्के कार्यक्षमतेऐवजी 96 टक्क्यांचा घेतला, तर वर्षाला 1000 डॉलरचा गॅस लागणाऱ्या घरात साधारण 170 डॉलर वाचतात. नव्याची किंमत मात्र हजारांत असते. आमचा दोन हिवाळ्यांनी मोटर कुरकुरायला लागल्यावर बदलला, तोही एप्रिलमध्ये, तीन कोटेशनं हातात घेऊन.