हर्था एअर्टन: आर्क दिव्यावरील संशोधन आणि त्यामागील आधाराची साखळी

घराघरांत विजेचा बल्ब पोहोचण्यापूर्वी युरोपातील रस्ते, रेल्वे स्थानके आणि दीपगृहे विजेने उजळली ती आर्क दिव्यांनी. कार्बनच्या दोन कांड्या एकमेकींना टेकवून किंचित दूर केल्या की मधल्या फटीत डोळे दिपवणारा प्रकाश पेटतो, हे हम्फ्री डेव्ही यांनी एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभीच दाखवले होते. पुढे १८७८ मध्ये पॅरिसच्या ऑपेरा मार्गावर आणि लंडनमध्ये थेम्सच्या काठावर असे दिवे लागले. मात्र हे दिवे मधूनच फुत्कारत, त्यांचा प्रकाश थरथरे आणि विद्युतदाब एकाएकी खाली येई. असे का होते याचे समाधानकारक उत्तर शतक संपत आले तरी मिळालेले नव्हते. ते उत्तर हर्था एअर्टन यांनी शोधले, आणि त्यांना ते शोधता येण्याइतका वेळ कोणामुळे मिळाला, हा या इतिहासाचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे.

त्यांचे मूळ नाव सारा मार्क्स. जन्म १८५४ चा, इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील पोर्टसी येथला. पोलंडहून आलेले त्यांचे ज्यू वडील घड्याळजी होते; ते १८६१ मध्ये वारले आणि मोठ्या कुटुंबाचा भार शिवणकाम करणाऱ्या आईवर पडला. लंडनमध्ये शाळा चालवणाऱ्या मावशीने नऊ वर्षांच्या साराला शिकण्यासाठी बोलावून घेतले, तेव्हा घरात मदतीला मुलगी हवी असतानाही आईने तिला पाठवले. सोळाव्या वर्षी ती श्रीमंतांच्या मुलांना घरी शिकवून पैसे मिळवू लागली. याच काळात तिची गाठ बार्बरा बोडिशों यांच्याशी पडली. बोडिशों या स्त्रियांसाठी स्थापन झालेल्या केंब्रिजच्या गर्टन कॉलेजच्या संस्थापकांपैकी एक होत्या. त्यांनी या मुलीच्या शिक्षणासाठी स्वतः पैसे दिले आणि मैत्रिणींकडूनही जमवले. हर्था यांनी १८८० मध्ये केंब्रिजची गणिताची परीक्षा दिली. पदवी मात्र मिळाली नाही, कारण केंब्रिज स्त्रियांना पदवी देतच नसे आणि ती प्रथा १९४८ पर्यंत टिकली. अखेर लंडन विद्यापीठाची बाह्य परीक्षा देऊन त्यांनी १८८१ मध्ये बी.एस्सी. मिळवली.

लंडनला परतल्यावर त्यांनी मुलींना गणित शिकवले आणि कामगार मुलींसाठी एक मंडळही चालवले. रेषेचे समान भाग करणाऱ्या उपकरणाचे पेटंट त्यांनी १८८४ मध्ये घेतले. त्याचा खर्चही बोडिशों आणि त्यांच्या एका मैत्रिणीने उचलला होता. त्याच वर्षी त्या फिन्सबरी टेक्निकल कॉलेजातील विजेच्या संध्याकाळच्या वर्गाला जाऊ लागल्या. तेथे शिकवणारे विल्यम एअर्टन यांच्याशी १८८५ मध्ये त्यांचा विवाह झाला. १८८८ मध्ये त्यांनी घरगुती विजेवर खास स्त्रियांसाठी व्याख्याने दिली. पण संसार आणि लहान मुलगी यांतून सलग संशोधनाला वेळ उरत नव्हता. बोडिशों १८९१ मध्ये वारल्या तेव्हा त्यांनी हर्था यांच्यासाठी काही रक्कम मागे ठेवली होती. त्या पैशातून घरकामाला माणूस ठेवता आले आणि प्रयोगशाळेचे दार खऱ्या अर्थाने उघडले. बुद्धिमत्तेची चर्चा सगळेच करतात. माझ्या मते या चरित्रातील कळीची घटना ही रक्कम आहे.

आर्कचे प्रयोग आधी विल्यम यांचे होते. ते १८९३ मध्ये शिकागोला गेले असता हर्था यांनी ते पुढे चालवले आणि लवकरच तो विषय पूर्णपणे त्यांचा झाला. विद्युतप्रवाह, दोन कांड्यांमधील अंतर आणि विद्युतदाब यांचा परस्परसंबंध त्यांनी एका समीकरणात बसवला. फुत्काराचे कारण शोधताना त्यांनी धन कांडीच्या टोकाला पडणाऱ्या खळग्याकडे लक्ष दिले. आर्क शांत असतो तेव्हा हा खळगा कार्बनच्या वाफेने झाकलेला असतो. प्रवाह फार वाढला की खळगा टोकावर न मावता कडेने पसरतो, हवेतील ऑक्सिजन तापलेल्या कार्बनपर्यंत पोहोचतो, आणि फुत्कार सुरू होऊन दाब कोसळतो. हवेला मज्जाव केल्यावर दाबाची ती घसरण थांबते, हेही त्यांनी दाखवून दिले. पुढे नौदलाच्या शोधदिव्यांसाठी कोणत्या प्रकारचे कार्बन वापरावेत, यावरही त्यांनी काम केले. आपल्याकडच्या जत्रांतील तंबू सिनेमाची यंत्रे याच प्रकारच्या कार्बन आर्कवर चालत असत.

१८९९ मध्ये ‘इन्स्टिट्यूशन ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअर्स’ या संस्थेपुढे स्वतःचा निबंध वाचणाऱ्या त्या पहिल्या स्त्री ठरल्या आणि लगेच तिच्या पहिल्या स्त्री सदस्यही झाल्या. रॉयल सोसायटी ही ब्रिटनमधील वैज्ञानिकांची मानाची संस्था मात्र अडून राहिली. तेथे १९०१ मध्ये त्यांचा निबंध विल्यम यांचे सहकारी जॉन पेरी यांना वाचावा लागला. १९०२ मध्ये त्यांचे नाव फेलो म्हणजे सदस्य म्हणून सुचवले गेले, तेव्हा विवाहित स्त्री फेलो होऊ शकत नाही असा कायदेशीर सल्ला पुढे करण्यात आला. त्याच सोसायटीने १९०६ मध्ये त्यांना ह्यूज पदक दिले. ते मिळवणारी दुसरी स्त्री थेट २००८ मध्ये आली. आर्कवरील आपला ग्रंथ त्यांनी १९०२ मध्ये प्रसिद्ध केला आणि तो बोडिशों यांना अर्पण केला.

मिळालेला आधार त्यांनी पुढे पोहोचवला. रेडियमचा शोध वृत्तपत्रे पिअर क्यूरी यांच्या नावावर टाकत, तेव्हा १९०९ मध्ये त्यांनी जाहीर पत्र लिहून सांगितले की, स्त्रीचे काम पुरुषाच्या नावावर करणारी चूक मारू म्हटले तरी मरत नाही. १९१२ च्या उन्हाळ्यात आजारी मारी क्यूरी त्यांच्याकडेच विश्रांतीला राहिल्या. मताधिकाराच्या लढ्यात तुरुंगातून उपोषण करून सुटलेल्या स्त्रियांची शुश्रूषाही त्यांच्या घरी होत असे.

हर्था १९२३ मध्ये वारल्या. तोवर इंग्लंडमध्ये ‘विमेन्स इंजिनिअरिंग सोसायटी’ स्थापन होऊन चार वर्षे झाली होती. मद्रासमधील गिंडीच्या इंजिनिअरिंग कॉलेजातून १९४३ मध्ये विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या आणि पुढे कलकत्त्यात वीजवाहिन्या व उपकेंद्रांचे आराखडे करणाऱ्या ए. ललिता १९६५ मध्ये या सोसायटीच्या सदस्य झाल्या. ज्या संस्थेने १८९९ मध्ये हर्था यांना सदस्यत्व दिले, तिचे सहयोगी सदस्यत्व ललिता यांना १९५३ मध्येच मिळाले होते. गर्टनमध्ये १९२५ साली स्त्रियांच्या संशोधनासाठी हर्था एअर्टन यांच्या नावाने शिष्यवृत्ती सुरू झाली. तिच्यासाठी निधी दिला तो ऑटिली हँकॉक यांनी. तरुणपणी साराला ‘हर्था’ हे नाव देणारी मैत्रीण तीच.