विषयनिहाय साक्षरता : बेळगाव सीमाभागातील बहुभाषिक विद्यार्थी

घरी एक भाषा, शाळेत दुसरी आणि बाजारात तिसरी अशा स्थितीत शिकणाऱ्या विद्यार्थ्याला गणित, विज्ञान व समाजविज्ञान या विषयांचे वाचन-लेखन त्या त्या विषयाच्या तासालाच शिकवणे, म्हणजे विषयनिहाय साक्षरतेला आधार देणे होय. भाषेचा शिक्षक भाषा शिकवील आणि बाकीचे फक्त ‘पोर्शन’ संपवतील, ही वाटणी येथे चालत नाही.

कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत मराठी, कन्नड, उर्दू आणि खानापूरच्या दक्षिणेकडे कोकणी अशा भाषा शेजारी शेजारी नांदतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेनंतर हा भाग तत्कालीन म्हैसूर (आताच्या कर्नाटक) राज्यात गेला. त्याच वर्षी संविधानात आलेल्या अनुच्छेद ३५०क नुसार भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची पुरेशी सोय व्हावी, यासाठी राज्याने प्रयत्न करावयाचे असतात. मराठी माध्यमाच्या शाळांत राज्याचाच अभ्यासक्रम मराठी पाठ्यपुस्तकांतून शिकवला जातो, आणि कन्नड भाषा शिक्षण अधिनियम, २०१५ मुळे कन्नड ही प्रथम किंवा द्वितीय भाषा म्हणून शिकावी लागते. दहावीनंतर विज्ञान शाखेत मात्र माध्यम बहुधा इंग्रजीच असते. सीमाप्रश्नावर इतकी वर्षे जेवढे लिहिले-बोलले गेले, त्या मानाने आठवीच्या मुलाला विज्ञानाचे पान नेमके कोठे अडते याकडे फारच थोड्यांचे लक्ष गेले.

बहुभाषिक शिक्षणाचे कॅनडातील अभ्यासक जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये बोलण्यातील सफाई आणि शालेय विषयांना लागणारी भाषा यांत भेद केला. पहिली लवकर येते, दुसरीला अनेक वर्षे लागतात. दुकानात सराईत कन्नड बोलणारा मुलगा कन्नड माध्यमाच्या इतिहासाच्या उताऱ्यावर अडखळतो, तो यामुळेच. मात्र एका भाषेत पक्की झालेली संकल्पना दुसऱ्या भाषेत पुन्हा मुळापासून शिकावी लागत नाही. म्हणून मराठीतले वाचन भक्कम करणे हे कन्नड-इंग्रजीच्या आड येत नाही.

अडचण केवळ कठीण शब्दांची नसते. ‘रमाकडे सीमापेक्षा ८ पेरू जास्त आहेत, रमाकडे २० असतील तर सीमाकडे किती?’ या उदाहरणात ‘जास्त’ दिसताच अनेक मुले बेरीज करून २८ लिहितात. त्यांना वजाबाकी येत असते, वाक्याची रचना उकलत नाही. शब्दांचे म्हणाल तर मराठीतील त्रिकोण कन्नडमध्ये त्रिभुज होतो, वर्तुळ वृत्त होते आणि प्रकाशसंश्लेषणाच्या जागी द्युतिसंश्लेषण येते. संस्कृत मुळामुळे यांतले बरेच काही थोड्या सरावाने ओळखीचे वाटते. खरा धोका सारख्या दिसणाऱ्या शब्दांचा असतो. ‘अनुमान’ म्हणजे मराठी विज्ञानात निष्कर्ष, तर रोजच्या कन्नडमध्ये शंका. वाक्यरचनेतही फरक आहे. ‘ज्या त्रिकोणाच्या दोन बाजू समान असतात, त्याला समद्विभुज त्रिकोण म्हणतात’ अशी जोडवाक्ये मराठी पुस्तके वापरतात. कन्नडमध्ये हाच आशय सहसा ‘दोन बाजू समान असलेला त्रिभुज’ अशा धाटणीने येतो.

म्हणून धडा सुरू करण्यापूर्वी पाच-सहा पारिभाषिक शब्द फळ्यावर मराठी, कन्नड व इंग्रजी अशा तीन रकान्यांत मांडणे, व्याख्या मोठ्याने वाचून तिचे तुकडे पाडणे, प्रयोगाची चर्चा मुलांना सोयीच्या भाषेत करू देऊन नोंद माध्यमाच्या भाषेत लिहून घेणे, हे उपाय उपयोगी पडतात. प्रत्येक वाक्याचे लगोलग भाषांतर करून सांगणे मात्र टाळावे, कारण मग मुले पुस्तकाकडे पाहतच नाहीत, सरांच्या तोंडाकडे पाहत बसतात. गणिताच्या शिक्षकांना हा भाषेचा उद्योग आपला वाटत नाही, ही तक्रार जुनी आहे. पण कर्नाटकातील दहावीच्या ६२५ गुणांपैकी ३०० गुण गणित, विज्ञान आणि समाजविज्ञान यांचे असतात व प्रश्न वाचता आल्याशिवाय त्यांतला एकही हाती लागत नाही. वर्गातील चाचण्यांत तरी आशयाचे गुण आणि भाषेच्या चुका वेगळ्या नोंदवल्या, तर विद्यार्थ्याला विषय कळला नाही की प्रश्न कळला नाही, हे शिक्षकाला समजते.