नववी-दहावीला टीईटी लागते का?

नाशिकच्या कॉलेज रोडच्या अभ्यासिकांमधून एक वाक्य कित्येक वर्षं फिरतंय: "टीईटी (म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा) नाही, तर शिक्षक नाही." इतिहास घेऊन बी.ए., मग बी.एड. केलेली माझी भाची हे ऐकून दहावीच्या वर्गाचा नादच सोडायला निघाली होती.

वाक्य अर्धंच खरं आहे. टीईटी आली शिक्षण हक्क कायद्यामुळे, आणि तो कायदा आठवीपर्यंतचाच. म्हणून पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. तिसरा पेपरच नाही! नववी-दहावीला इतिहास-भूगोल शिकवायला आजघडीला त्या विषयाची पदवी आणि बी.एड. लागते.

घोळ झालाय तो नावांमुळे. टीईटी वेगळी, 'टेट' वेगळी. टेट म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी: 200 प्रश्न, 200 गुण, दोन तास. तिच्यात पास-नापास नसतं. पवित्र पोर्टल या सरकारी संकेतस्थळावरून होणाऱ्या शिक्षक भरतीत हे गुण मोजले जातात, त्यामुळे माध्यमिकवाल्यांनाही ती द्यावीच लागते.

आणखी एक, खास आपल्या नाशिकचा गैरसमज: "गोवर्धनला मुक्त विद्यापीठ आहेच की, घरबसल्या बी.एड. करू." तसं नाही हो. तिथलं बी.एड. डी.एड.सारखं प्रशिक्षण आधीच झालेल्यांसाठी आहे. नुकत्याच पदवीधर झालेल्यांनी सीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन दोन वर्षांचं नियमित बी.एड. करायचं, फळ्यासमोर उभं राहून पाठ घ्यायचे.

भाचीला मात्र मी पेपर दोनही द्यायला सांगितलंय. सहावी ते आठवीच्या जागा कशाला सोडायच्या?