बॉयलर थांबवायचा अधिकार कुणाचा?

चिकोडी, अथणी, हुक्केरीकडच्या कुठल्याही साखर कारखान्याच्या बॉयलरवर एक उभी काचेची नळी दिसेल. तिला गेज ग्लास म्हणतात. तिचं वरचं टोक ड्रममधल्या, म्हणजे बॉयलरच्या टाकीतल्या, वाफेला आणि खालचं टोक पाण्याला जोडलेलं असतं. त्यामुळे आत जेवढं पाणी, तेवढंच नळीत दिसतं.

खोड अशी, की ही काच बिघडली तरी वाईट बातमी देत नाही. खालची वाट गाळानं बुजली, तर वरून येणारी वाफ थंड होऊन तिचं पाणी नळीत साचत जातं. वरची वाट बुजली, तर नळीतली वाफ थंडावून तिथला दाब उतरतो आणि खालचं पाणी वर चढतं. दोन्ही वेळा काचेत पाणी भरपूर दिसतं. ड्रम मात्र रिकामा होत असू शकतो, आणि मग बॉयलरच्या आत पाणी नसलेल्या लोखंडी नळ्या भट्टीत तापून मऊ पडू लागतात. म्हणून कामात मुरलेला बॉयलर अटेंडंट दर पाळीला कॉक फिरवून काच ‘ब्लो’ करतो, म्हणजे तिच्यातलं पाणी बाहेर सोडून देतो. पाणी झरकन गेलं आणि झरकन परत आलं, तर ठीक. रेंगाळत आलं, तर काहीतरी अडकलंय.

हल्ली कंट्रोल रूममध्ये पडद्यावर आकडे येतात, पाणी फार खाली गेलं तर बॉयलर आपोआप ट्रिप होतो, म्हणजे बंद पडतो. पण पडद्यावरचा आकडाही कुठल्यातरी नळीतून आणि तारेतूनच येतो. 1979 साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात पॅनेलवरचा दिवा विझला, म्हणून झडप बंद झाली असं सगळ्यांनी धरलं. झडप बंद करायचा आदेश गेला, एवढंच तो दिवा सांगत होता. प्रत्यक्षात झडप उघडीच अडकली होती आणि अणुभट्टीतलं पाणी तिच्यातून निघून चाललं होतं.

असे घोटाळे टाळणाऱ्या संस्था वेगळं काय करतात? 1980च्या दशकात बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातले टॉड ला पोर्ट, कार्लिन रॉबर्ट्स, जीन रॉकलिन वगैरे मंडळी विमानवाहू नौका, हवाई वाहतूक नियंत्रण आणि अणुवीज केंद्रं यांच्या मागे लागली. अपघात का झाला हे तर सगळेच विचारतात. इतक्या धोक्याच्या ठिकाणी अपघात इतके कमी कसे, हा यांचा प्रश्न. अशा संस्थांना त्यांनी ‘उच्च-विश्वासार्हता संस्था’ म्हटलं. पुढे कार्ल वाइक आणि कॅथलीन सटक्लिफ यांनी त्यांची पाच लक्षणं मांडली. मॅनेजमेंटच्या वर्गात ती पाचही पाठ करून घेतात. मला त्यातली दोनच खरी अवघड वाटतात: बारीकशा चुकीचाही पिच्छा पुरवणं, आणि आणीबाणीत हुद्दा बाजूला ठेवून जाणकाराचं ऐकणं.

‘कार्ल विन्सन’ या विमानवाहू नौकेवरचा एक किस्सा या अभ्यासकांच्या लिखाणात येतो. एका खलाशाचं एक अवजार डेकवर हरवलं. ते जेट इंजिनात ओढलं गेलं असतं तर अनर्थ झाला असता. त्यानं स्वतःहून सांगितलं. आकाशातली विमानं जमिनीवरच्या तळांकडे वळवली, अवजार सापडेपर्यंत काम थांबलं. दुसऱ्या दिवशी त्याचा समारंभपूर्वक सत्कार झाला. आपल्याकडे पाना हरवला तर पगारातून पैसे कापतात. मग पुढचा पाना हरवल्याचं कोण सांगेल?

सांगितलेलं पुढच्या पाळीपर्यंत पोचणं ही आणखी वेगळी गोष्ट. 6 जुलै 1988 रोजी उत्तर समुद्रातल्या ‘पायपर अल्फा’ या तेल-वायू फलाटावर एका पंपाची सुरक्षा झडप दुरुस्तीला काढली होती आणि तिथे नुसतं झाकण बसवलं होतं. झडपेच्या कामाचा परवाना एका कागदावर, पंपाच्या देखभालीचा दुसऱ्या. रात्री दुसरा पंप बंद पडला. रात्रपाळीला झडपेचा कागद ठाऊकच नव्हता, त्यांनी झडप काढलेला पंप सुरू केला. वायू गळला, स्फोट झाला. 167 माणसं गेली.

आपल्या सीमाभागात या गोष्टीला आणखी एक पदर आहे. एकाच पाळीत मराठी, कन्नड आणि कंत्राटी कामगारांची हिंदी चालते, आणि लॉगबुक इंग्रजीत. ‘हो हो, समजलं’ यावर भागवणं इथे फार सोपं. वैमानिक टॉवरची सूचना परत म्हणून दाखवतो, तसं येणाऱ्या माणसानं आपल्या भाषेत परत सांगायचं, काय उघडं आहे, काय काढलंय, आणि दोघांनी मिळून त्या झडपेपर्यंत चालत जायचं. पाच मिनिटांचं काम आहे.

बायपासची कथाही तशीच. पाणी कमी झालं की बॉयलर बंद करणारा लो-लेव्हल ट्रिप सारखा त्रास देतो म्हणून ‘आजच्यापुरता’ जम्पर, म्हणजे तो ट्रिप चुकवणारी तार, टाकतात. काही होत नाही, मग तो तिथेच राहतो. 1984च्या डिसेंबरात भोपाळमध्ये वायू सुटला तेव्हा टाकीचं शीतकरण बंद होतं, वायू जाळणाऱ्या मनोऱ्याची जोडणी तुटलेली होती, वायू धुणारी यंत्रणा नुसती तयार ठेवलेली होती. प्रत्येकामागे कुणाचं तरी त्या वेळी पटण्यासारखं कारण असणार.

चार्ल्स पेरो या समाजशास्त्रज्ञानं 1984 सालीच बजावलं होतं, की गुंतागुंतीच्या आणि एकमेकांत घट्ट अडकलेल्या यंत्रणांत अपघात अटळच. ऐन हंगामातला कारखाना पाहिला की ते पटतं. बॉयलर थांबला की टर्बाइन थांबतं, मिल थांबते, रस्त्यावर ट्रॅक्टरांची रांग लागते, तोडलेला ऊस वाळतो, आणि फोन सुरू होतात.

रात्री तीन वाजता काचेत पाणी दिसेनासं झालं, तर लालबुंद नळ्यांवर पाणी सोडायचं नाही, आधी बगॅस (भट्टीत जळणारं उसाचं चिपाड) आणि हवा तोडायची. हे अटेंडंटला माहीत असतं. पण त्याला आधी चीफ इंजिनिअरला उठवावं लागतं का? त्या विमानवाहू नौकांवर कनिष्ठातला कनिष्ठ खलाशीही विमान उतरणं थांबवू शकतो. मग ते चूक ठरलं तरी त्याला नोटीस जात नाही. कारखान्याच्या वार्षिक सभेत सभासद उसाच्या दरावरून रान उठवतात. त्याच सभेत एवढं विचारावं: ट्रिप किती वेळा बायपास झाला, कुणाच्या सहीनं, आणि स्वतःहून बॉयलर थांबवणाऱ्याचं पुढे काय झालं?