पार्श्वभूमी: मालवाहू विमानांचे पायलट आणि 'जैसे थे'चा तिढा

अमेरिकेतल्या ॲटलस एअर या मालवाहू कंपनीचे पायलट आणि व्यवस्थापन यांच्यातले भांडण पगाराचे होते, असे सरसकट सांगितले जाते. ते खोटे नाही. पण पगारावर बोलायचे कोणत्या कलमाखाली, यातच बरीच वर्षे गेली, हे सहसा सांगायचे राहून जाते. माझ्या मते खरी गोष्ट तीच आहे.

कंपनी १९९२ची. एका भाड्याच्या बोइंग ७४७ विमानावर सुरू झाली. विमान, चालक दल, देखभाल आणि विमा असे चारही एकगठ्ठा भाड्याने द्यायचे, इंधन आणि माल गिऱ्हाइकाचा, हा तिचा धंदा. त्यामुळे शेपटीवर अनेकदा दुसऱ्याच कंपनीचे नाव असते आणि पायलट मात्र ॲटलसचा. २००१ मध्ये तिने आणखी एक मालवाहू कंपनी घेतली, २००४ मध्ये दिवाळखोरीतून जाऊन सहा महिन्यांत बाहेर आली, २००५ मध्ये त्या दुसऱ्या कंपनीच्या पायलटांनी संप केला. दोन्हीकडच्या पायलटांचा एकच करार व्हायला २०११ साल उजाडले. त्या करारात विलीनीकरणाचे एक कलम होते. तेव्हा त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नसावे.

तो करार २०१६च्या सप्टेंबरमध्ये 'सुधारण्यायोग्य' होणार होता. हा शब्द मुद्दाम वापरला आहे, कारण अमेरिकेत विमान कर्मचाऱ्यांचे करार संपत नाहीत. त्यांना १९२६चा रेल्वे कामगार कायदा लागू आहे, १९३६ पासून. रेल्वे बंद पडू नये म्हणून केलेला कायदा विमानांच्या वाट्याला आला. नवा करार होईपर्यंत जुनाच चालू राहतो. आधी बोलणी, मग सरकारी मध्यस्थी, मध्यस्थांनी हात टेकले तर तीस दिवस थंड होण्यासाठी, आणि त्यानंतर संपाची मोकळीक. मध्यस्थांनी हात केव्हा टेकायचे याला मुदत नाही. वर्षानुवर्षे टेकत नाहीत. तरीही वाट लांब असली तरी तिच्या शेवटी संप आहे, आणि संप आहे म्हणूनच टेबलावर पायलटांच्या शब्दाला वजन आहे.

२०१६च्या जानेवारीत ॲटलसने सदर्न एअर ही छोटी मालवाहू कंपनी घ्यायचे जाहीर केले आणि एप्रिलमध्ये व्यवहार पुरा केला. इथे ते जुने कलम जागे झाले. व्यवस्थापनाचे म्हणणे असे: दोन कंपन्या एक होत आहेत, तेव्हा बोलणी विलीनीकरणाच्या कलमाखाली होतील, ठरलेल्या मुदतीत न जमलेले मुद्दे लवादाकडे जातील आणि लवादाचा निवाडा बंधनकारक राहील. पायलटांच्या संघटनेचे म्हणणे असे: आमचा करार सुधारायला आला आहे, तेव्हा कायद्याच्या सहाव्या कलमाखालची नेहमीची वाट धरा. वरवर ही तांत्रिक कुरबुर वाटते. फरक एवढाच की पहिल्या वाटेच्या टोकाला पंच आहे आणि दुसरीच्या टोकाला संप.

व्यवस्थापनाची बाजू लेखी होती हे मान्य करायला हवे. कलमावर दोघांच्याही सह्या होत्या. २०१९ मध्ये पंचांनीही कंपनीचेच म्हणणे उचलून धरले. मात्र कंपनी विकत घ्यायची वेळ व्यवस्थापन ठरवते, आणि त्या वेळेवर पायलटांचा संपाचा हक्क अवलंबून राहतो, ही गोष्ट सह्या करताना किती जणांच्या ध्यानात आली असेल, हा प्रश्न उरतोच.

याच मधल्या काळात कंपनीचा पसारा वाढत होता. २०१६च्या मे महिन्यात ॲमेझॉन या ऑनलाइन विक्रीतल्या बड्या गिऱ्हाइकासाठी वीस बोइंग ७६७ विमाने उडवायचा करार झाला. त्या बदल्यात गिऱ्हाइकाला ॲटलसचे शेअर घेण्याचा हक्कही मिळाला. उड्डाणे वाढली, पायलट हवे झाले, पगार मात्र २०११च्या कोष्टकातले.

मग आले २०१७, आणि 'जैसे थे'. करार होईपर्यंत दोन्ही बाजूंनी आहे ती स्थिती ठेवायची, हे या कायद्याचे मूळ सूत्र. ऐकायला समतोल. पण पायलटच्या बाबतीत 'आहे ती स्थिती' म्हणजे नेमके काय?

एक उदाहरण जवळून पाहू. माल चढला आहे, दार बंद आहे, कागद हातात आहेत. सुटण्याची वेळ बारा मिनिटांवर आहे. चाकांखालचे अडसर काढले, पार्किंग ब्रेक सोडला की विमानाने जागा सोडल्याची नोंद आपोआप होते. याला धंद्यात 'ब्लॉक आउट' म्हणतात. एरवी कॅप्टन बारा मिनिटे आधीच ब्रेक सोडतो, पुढच्या तळावरची धावपळ तेवढी कमी होते. आता तो हात मांडीवर ठेवून घड्याळ पाहत बसतो आणि ठरल्या मिनिटाला ब्रेक सोडतो. त्याने नियम मोडला का? वेळापत्रक तर त्याने तंतोतंत पाळले आहे.

संघटनेची मोहीम हीच होती: वेळेवर निघा, आधी नको. सोबत दुसरी हाक होती, वेळापत्रकातल्या मोकळ्या राहिलेल्या फेऱ्या आपणहून उचलू नका. तिसरा मुद्दा आयत्या वेळी आजारी किंवा थकलो म्हणून कळवण्याचा. पर्चेस हे न्यूयॉर्क राज्यातले गाव, तिथे तेव्हा कंपनीचे मुख्यालय होते. 'पर्चेसला मदत करणे थांबवा' अशा इंग्रजी घोषणेची आद्याक्षरे जुळवली की 'शॉप' असा शब्द होतो. गिऱ्हाईक कोण होते ते आठवले तर कोटी बरी जमली होती, पण न्यायालयात अशा कोट्या अंगाशी येतात.

सप्टेंबरमध्ये कंपनी वॉशिंग्टनच्या संघराज्य न्यायालयात गेली. ३० नोव्हेंबर २०१७ रोजी, नाताळच्या मालाची गर्दी ऐन भरात असताना, न्यायालयाने संघटनेला मनाई केली: काम मंदावण्याची मोहीम थांबवा आणि सभासदांनाही तसे सांगा. आजारपणाच्या फोनांची आकडेवारी आणि संघटनेचेच संदेश पुरावा म्हणून समोर होते. जुलै २०१९ मध्ये वरच्या न्यायालयाने हा आदेश कायम केला. म्हणजे मोकळी फेरी घ्यायची की नाही हे करारात पायलटच्या मर्जीवर सोडलेले असले, तरी सगळ्यांनी मिळून, दबाव आणण्यासाठी ती नाकारली की 'जैसे थे' मोडते. कराराच्या अक्षरांइतकीच, आजवर काम जसे होत आले ती रीतही त्यात धरली गेली.

कायद्याच्या चौकटीत हे तर्काला धरून आहे, पण पारडे कुणीकडे झुकते तेही उघड आहे. कंपनीने नवे गिऱ्हाईक आणले, ताफा वाढवला, दुसरी कंपनी गिळली, तरी 'जैसे थे'ला धक्का लागला नाही. पायलटने बारा मिनिटे ब्रेक धरून ठेवला की लागला.

थकव्याचा मुद्दा सर्वांत नाजूक, आणि त्याची मुळे या कंपनीबाहेर आहेत. २००९च्या फेब्रुवारीत बफेलोजवळ प्रवासी विमान कोसळल्यावर पायलटांच्या विश्रांतीचे नवे नियम आले, जानेवारी २०१४ पासून लागू झाले, आणि त्यातून मालवाहू कंपन्यांना वगळण्यात आले. कारण दिले खर्चाचे. नियम अमलात येण्याआधीच, ऑगस्ट २०१३ मध्ये, पहाटेच्या अंधारात अमेरिकेतल्याच बर्मिंगहॅमला उतरणारे एक मालवाहू विमान पडून दोन्ही पायलट गेले; तपासात थकव्याचाही उल्लेख आला. रात्रीच उडणाऱ्यांना रात्रीचे नियम सैल, हा विरोधाभास मालवाहू पायलट आजही बोलून दाखवतात. अशा वेळी 'मी थकलो आहे' हा फोन खरा की दबावाचा, हे आकडेवारीवरून ठरवणे मला तरी पटत नाही.

दरम्यान, संघटनेच्या ज्या शाखेत ॲटलसचे पायलट होते त्याच शाखेतले, ओहायोतल्या विल्मिंग्टनच्या एका मालवाहू कंपनीचे सुमारे अडीचशे पायलट नोव्हेंबर २०१६ मध्ये संपावर गेले होते. सुटीच्या दिवशी सक्तीने कामावर बोलावतात, ही तक्रार. दुसऱ्याच दिवशी सिनसिनाटीच्या न्यायाधीशांनी त्यांना परत पाठवले. कारण हा कराराचा अर्थ लावण्याचा, म्हणजे कायद्याच्या भाषेत 'किरकोळ' वाद ठरला, आणि किरकोळ वादावर संप करता येत नाही. ज्याची सुटी गेली त्याला हा शब्द कसा लागला असेल!

फेब्रुवारी २०१९ मध्ये ॲटलसचे ७६७ ह्यूस्टनकडे जाताना ट्रिनिटी उपसागरात कोसळले, तिघे गेले. तपासात कारण निघाले सहवैमानिकाच्या चुकीच्या प्रतिक्रियेचे, वादाचे नव्हे. तरी कमी पगारात चांगले पायलट येत नाहीत आणि टिकत नाहीत, हा संघटनेचा जुना मुद्दा त्यानंतर अधिक कानांनी ऐकला.

महामारीत प्रवासी विमाने जमिनीवर आली, त्यांच्या पोटातून जाणारा माल मालवाहू विमानांकडे वळला. २०२०च्या मे महिन्यात पायलटांना दहा टक्के हंगामी वाढ मिळाली. कंपनीला सरकारकडून पगारासाठी ४० कोटी डॉलरहून अधिक मदतही मिळाली. विलीनीकरणासाठी दोन्ही कंपन्यांच्या पायलटांची एकत्र ज्येष्ठता यादी, म्हणजे कोण आधी कॅप्टन होणार आणि कोणत्या विमानावर बसणार हे ठरवणारी यादी, संघटनेने तयार करून द्यायची होती. तिच्यावरूनही बराच काळ ओढाताण झाली.

करारावरचा लवादाचा निवाडा सप्टेंबर २०२१ मध्ये आला. पगार वाढले, मात्र मोठ्या कुरिअर कंपन्यांच्या पायलटांशी बरोबरी झाली नाही, अशी संघटनेची तक्रार राहिली. एरवी नवा करार पायलटांपुढे मतदानाला जातो आणि तो नाकारताही येतो. हा लवादातून आला, त्यामुळे मतदान झालेच नाही. मार्च २०२३ मध्ये कंपनी सुमारे ५.२ अब्ज डॉलरना, कर्जासकट, गुंतवणूकदारांच्या गटाने विकत घेतली.