सेल्फ कधी घेतो, कधी घेत नाही

रत्नागिरीकडून जांभ्याचे चिरे भरून कोल्हापूरला जाणारा एक दहाचाकी ट्रक सकाळी एका फटक्यात सुरू होत असे, साखरप्याला थांबला तरी सुरू होत असे, आणि आंबा घाट चढून वर चहासाठी उभा केला की अर्ध्या तासाने किल्ली फिरवल्यावर सेल्फमधून, म्हणजे इंजिनाला सुरुवातीला फिरवणाऱ्या मोटरमधून, आवाजसुद्धा येत नसे. हे रोज होत नव्हते, आठवड्यातून दोन-तीनदा होई. तासाभराने तीच किल्ली फिरवली की इंजिन लगेच सुरू होई. चार महिन्यांत मालकाने बॅटऱ्यांची जोडी नवी घेतली, सेल्फ दोनदा उघडून त्याचे कार्बन (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे ठोकळे) आणि बुश बदलून घेतले, किल्लीचा स्विच बदलला. प्रत्येक दुरुस्तीनंतर आठ-दहा दिवस गाडी नीट चाले आणि पुन्हा आंब्याला अडकून पडे. मी वाहनांच्या वायरिंगचे काम शिकवतो, म्हणून ही तक्रार माझ्यापर्यंत आली. अधूनमधून डोके वर काढणारा बिघाड लहरी नसतो, तो विशिष्ट परिस्थितीतच प्रकट होतो आणि ती परिस्थिती ओळखणे हेच निदानाचे मुख्य काम असते, हे या गाडीइतके स्पष्ट मला क्वचितच दाखवता आले आहे.

सुरुवातीला दोन तक्रारी वेगळ्या केल्या पाहिजेत. सेल्फ इंजिनाला फिरवतो आहे, पण इंजिन पेट घेत नाही, ही एक तक्रार. आणि सेल्फ इंजिनाला फिरवतच नाही, ही दुसरी. डिझेल इंजिनात ठिणगी नसते. हवा साधारण सोळा ते वीस पटींनी दाबली जाते, त्या दाबाने ती 500 अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि त्या तापलेल्या हवेत फवारलेले डिझेल आपोआप पेटते. हवा एवढी दाबायला मोठी ताकद लागते, म्हणून ट्रकचा सेल्फ मोटारगाडीच्या सेल्फपेक्षा कितीतरी दणकट असतो आणि त्याला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकापुढे एक जोडून 24 व्होल्ट दिले जातात. पहिल्या तक्रारीत डिझेल, हवा, फिल्टर, पंप यांच्याकडे पाहावे लागते. दुसऱ्या तक्रारीत यांच्यापैकी कशाचाही संबंध नसतो, तरीही रस्त्यात अडकलेल्या गाडीचा डिझेल फिल्टर विनाकारण बदललेला मी अनेकदा पाहिला आहे.

किल्ली फिरवल्यावर प्रत्यक्षात दोन निरनिराळ्या वाटांनी प्रवाह वाहतात. पहिल्या वाटेवर किल्लीतून निघालेला अगदी लहान प्रवाह रिलेला, म्हणजे विजेवर चालणाऱ्या एका छोट्या स्विचला, जागा करतो. रिलेचे संपर्कबिंदू जुळले की त्यांच्यातून वीस-तीस अँपिअरचा मध्यम प्रवाह सेल्फच्या पाठीवर बसवलेल्या सोलेनॉइडकडे जातो. सोलेनॉइड म्हणजे तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि तिच्यात सरकणारा लोखंडी दांडा. प्रवाह सुरू होताच दांडा आत ओढला जातो, एका टोकाने पिनियन हे लहान दातेरी चाक ढकलून इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दात्यांत अडकवतो आणि दुसऱ्या टोकाने तांब्याची जाड चकती दोन मोठ्या बोल्टांवर दाबतो. त्या क्षणी बॅटरीतून शेकडो अँपिअरचा दुसरा प्रवाह सुटतो आणि मोटर फिरू लागते. हा दुसऱ्या वाटेचा प्रवाह आपल्या बोटाएवढ्या जाड केबलमधून जातो, पहिल्या वाटेचा मात्र साध्या वायरमधून, फ्यूजबॉक्समधून, तीन-चार जोडांमधून वाट काढत जातो.

या रचनेमुळे गाडीचा आवाज बरेच काही सांगतो. सेल्फमधून 'कट-कट-कट-कट' असा सलग आवाज येत असेल, तर सोलेनॉइड ओढला जातो आहे, पण मोठा प्रवाह सुटताच बॅटरीचा व्होल्टेज इतका कोसळतो की दांडा धरून ठेवण्याइतकी ताकद उरत नाही. तो सुटतो, भार जातो, व्होल्टेज पुन्हा वर येतो आणि दांडा पुन्हा ओढला जातो. अशा वेळी उतरलेली बॅटरी, सैल टर्मिनल किंवा खराब अर्थिंग (चेसीतून बॅटरीकडे परतीची जोडणी) यांचा संशय घ्यावा. एकच 'ठक्क' असा जड आवाज येऊन पुढे शांतता असेल, तर जळलेली चकती किंवा झिजलेले कार्बन यांचा. झिजलेले कार्बन मोटरच्या फिरत्या भागावरील कॉम्युटेटरवर पुरेसे टेकत नाहीत, म्हणूनच सेल्फवर पान्याने हलकेच ठोकल्यावर कधी कधी गाडी सुरू होते. ती युक्ती खरी आहे, पण लवकरच सेल्फ उघडावा लागणार आहे, एवढाच तिचा अर्थ. 'ठक्क' येऊनही सगळे दिवे मंद होत असतील, तर इंजिनच अडकले नाही ना, हे क्रँकच्या पुलीला पाना लावून हाताने फिरवून पाहावे. आणि सेल्फमधून काहीच आवाज नसेल, तर बिघाड बहुधा पहिल्या, लहान वाटेवर असतो. आंब्याच्या गाडीत सेल्फ गप्प होता. केबिनमधले दार लावून, रेडिओ बंद करून किल्ली फिरवली असता डॅशबोर्डाखालून रिलेचा बारीक 'टिक' मात्र ऐकू येत होता. याचा अर्थ किल्लीचा स्विच आपले काम करीत होता आणि तो बदलण्यावर झालेला खर्च टाळता आला असता.

मोठ्या प्रवाहाच्या वाटेवरही थोडे थांबायला हवे, कारण तेथील दोष सर्वांत जास्त फसवतात. ओमच्या नियमाप्रमाणे प्रवाह आणि रोध (प्रवाहाला होणारा अडथळा) यांचा गुणाकार म्हणजे त्या जागी वाया जाणारे व्होल्ट. केवळ एकशतांश ओमचा रोध घ्या, जो साध्या मीटरवर धड मोजताही येत नाही. त्यातून 300 अँपिअर गेले की 3 व्होल्ट वाया जातात आणि त्या जोडावर 900 वॅट उष्णता निर्माण होते. टर्मिनलखाली साचलेली पांढरी बुरशी, चेसीच्या रंगावरच आवळलेला अर्थिंगचा बोल्ट, वरून धडधाकट पण इन्सुलेशनच्या आत हिरवी पडलेली केबल, यांपैकी काहीही एवढा रोध सहज आणते. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असल्यामुळे त्याला चेसीशी जोडणारी अर्थिंगची पट्टी अत्यावश्यक असते. ती तुटली की परतीचा प्रवाह अॅक्सिलरेटरच्या केबलसारख्या भलत्याच वाटा शोधतो, आणि सेल्फ मारताना अशी एखादी केबल तापलेली आढळली तर तो पट्टी तुटल्याचा जवळजवळ पुरावाच समजावा.

आता मुख्य अडचण. मीटर लावून सेल्फपाशी 24 व्होल्ट दिसले म्हणजे वायर चांगली, असा समज सर्वत्र आहे. पण चांगल्या मीटरचा स्वतःचा रोध सुमारे एक कोटी ओम असतो, त्यामुळे त्याच्यातून वाहणारा प्रवाह नगण्य असतो. प्रवाहच नसेल तर वाया जाणारे व्होल्टही नसतात, आणि एका तंतूवर लोंबकळणारी केबलसुद्धा मीटरवर निरोगी दिसते. कोल्हापुरातल्या कारागिराला हे ठाऊक होते, म्हणून त्याने मीटरऐवजी 21 वॅटचा बल्ब लावून रिले तपासला होता आणि बल्ब लख्ख पेटला होता. तो बल्ब एक अँपिअरही घेत नाही. ज्या जोडातून वीस अँपिअर जायचे आहेत, त्याची परीक्षा एका अँपिअरने झाली आणि तो उत्तीर्ण झाला.

खरा दुवा गाडीच्या चालकाने दिला. तो म्हणाला, "सायेब, सेल्फवर वलं फडकं टाकून धा मिन्टं थांबलं की घेती बघा गाडी." इतक्या दुरुस्त्यांमध्ये त्याला हे कोणी विचारले नव्हते.

तांबे तापले की त्याचा रोध वाढतो, दर अंशाला सुमारे 0.39 टक्के. घाट चढताना इंजिन तापते, पण चालत्या गाडीत वारा आणि फिरते पाणी ती उष्णता वाहून नेत असतात. गाडी थांबली की दोन्ही थांबतात आणि ब्लॉकमध्ये व एक्झॉस्टमध्ये साठलेली उष्णता शेजारच्या सेल्फमध्ये झिरपू लागते. म्हणून सेल्फ सर्वांत जास्त तापतो तो चालताना नव्हे, तर थांबल्यानंतर काही वेळाने, नेमका चहा पिऊन परत येण्याच्या सुमारास. सकाळी 25 अंशांवर असलेली गुंडाळी तेव्हा 100 अंशांच्या आसपास पोहोचली, तर तिचा रोध जवळपास 30 टक्क्यांनी वाढलेला असतो.

याचा हिशेब गोल आकडे घेऊन मांडता येतो. थंड गुंडाळीचा रोध 0.8 ओम आणि दांडा ओढायला किमान 20 अँपिअर लागतात, असे धरू. वाट चांगली असेल तर 24 व्होल्टला थंडीत 30 अँपिअर मिळतात, आणि तापल्यावर रोध 1.04 ओम झाला तरी 23 मिळतात, म्हणजे गाडी दोन्ही वेळा सुरू होते. आता वाटेत कोठेतरी 0.3 ओमचा दोष घाला. थंडीत जवळपास 22 अँपिअर मिळतात, काम भागते. तापल्यावर मात्र 18 च मिळतात आणि दांडा जागचा हलत नाही. म्हणजे दोष सकाळीही तेवढाच होता, फक्त तो झाकण्यापुरती शिल्लक तेव्हा होती. नव्या, पूर्ण भरलेल्या बॅटऱ्यांनी पाऊण-एक व्होल्ट जास्त दिला की ही काठावरची शिल्लक थोडी वाढते आणि बॅटरीच खराब होती अशी सर्वांची खात्री पटते. या चुकीच्या खात्रीबद्दल मी कारागिराला दोष देणार नाही, कारण गाडी त्याच्यासमोर सुरू होत होती.

म्हणून मोजमाप बिघाड हजर असतानाच करायचे ठरवले. मी गाडीबरोबर घाट चढलो. मीटरची एक लांब वायर बॅटरीच्या धन खुंटावर, खुंटावरच, त्याच्या क्लॅम्पवर नव्हे, आणि दुसरी सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलवर बांधून ठेवली होती. गिअर न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला आणि चाकांना दगड लावलेले. ही काळजी घेतलीच पाहिजे. स्क्रूड्रायव्हरने सोलेनॉइडचे बोल्ट थेट जोडून सेल्फ मारण्याची सवय अनेकांना असते आणि गाडी गिअरमध्ये राहिली असेल तर ती पुढे झेपावून समोरच्या माणसाला चिरडते. पहिल्या दिवशी गाडी सुरू झाली, काहीच कळले नाही. दुसऱ्या फेरीला ती अडकली. किल्ली धरून ठेवली असता मीटरने 5.7 व्होल्ट दाखवले. एवढे व्होल्ट बॅटरी ते सोलेनॉइड या वाटेवरच संपत होते. मी अशा वाटेवर एखाद्या व्होल्टपर्यंत चालवून घेतो. मग मीटरची दोन्ही टोके रिलेच्या दोन जाड पिनांवर ठेवली: 5.1 व्होल्ट. किल्ली धरलेली असेपर्यंत त्या काडेपेटीएवढ्या डबीत नव्वदहून अधिक वॅट उष्णता तयार होत होती. रिले उपसल्यावर त्याच्या एका पिनेभोवतीचे काळे प्लॅस्टिक तपकिरी होऊन किंचित वितळलेले दिसले आणि सॉकेटमधली पितळेची पकड सैल पडलेली होती. टोपण कापून पाहिले तर संपर्कबिंदूंवर काळे खड्डे पडले होते.

नवा रिले आणि नवे सॉकेट बसवल्यावर पुन्हा घाट चढून मोजले. तापलेल्या गाडीवर संपूर्ण वाटेत 0.7 व्होल्ट वाया जात होते आणि सेल्फने पहिल्याच झटक्यात इंजिन ओढले. पण एक प्रश्न उरला होता: याच सॉकेटची पकड का सैल पडली, शेजारच्या पाचांची का नाही? वायपरच्या खालून केबिनमध्ये येणाऱ्या वायरींच्या जुडग्याभोवतीचे रबर फाटले होते. कोकणातल्या पावसाचे पाणी वायरीवरून ओघळत येऊन नेमके त्या सॉकेटवर ठिबकत होते आणि त्याच्या तळाशी हिरवट गंजाची रेघ उमटली होती. आम्ही रबर बदलले आणि फ्यूजबॉक्सपाशी येण्याआधी वायरींना खाली झुकणारा एक वळसा दिला, म्हणजे पाणी आलेच तर त्या वळशाच्या तळाशी जमून खाली गळून पडेल.